राहिलेलं औक्षण

मध्य भारत राज्याच्या मुलांच्या फुटबॉल संघात माझी निवड झाली, तेव्हा आई म्हणाली, "ती जर्सी घालून ये, मग ओवाळते." पण जर्सी मैदानावरच मिळायची आणि सामना संपला की तिथंच परत द्यावी लागायची. महूचा सामना जिंकून मी नेहमीच्या सदऱ्यात घरी आलो. आई निरांजन लावून दारात उभी होती. मी कारण सांगितलं.

"सदऱ्यात काय ओवाळायचं? पुढच्या साली हट्ट करून आण," म्हणत तिनं तबक देवापुढे ठेवलं.

पुढच्या साली मध्य भारत राज्यच उरलं नाही, शेजारच्या मुलखांत मिसळून गेलं. नव्या, मोठ्या राज्याच्या संघात अपने को कौन पूछता, भिया!

आता पोरं जर्सी घालून सियागंजात किराणा आणायला जातात. माझा जीव जळतो. आई नाही, आणि माझं औक्षण अजून राहिलंय.