भिंतीसारखी दिसणारी दारं

मास्तर जहाजावर नोकरीला लागले तेव्हा पन्नाशीला टेकले होते. त्याआधीचं आयुष्य एका शाळेच्या मैदानावर गेलं होतं, मुलांना धावायला, उड्या मारायला आणि मुख्य म्हणजे रांगेत उभं राहायला शिकवण्यात. शाळा बंद पडली, तेव्हा बंदरातल्या एका ओळखीच्या माणसाने त्यांना प्रवासी जहाजांवर चिकटवून दिलं. काम तेच, विद्यार्थी तेवढे मोठे. संकट आलं तर कुठून बाहेर पडायचं, कुठे जमायचं, लाइफ जॅकेट कसं बांधायचं, याचा प्रवाशांकडून सराव करून घ्यायचा. मजा करायला आलेल्या माणसाला हे शिकवणं म्हणजे वाढदिवसाला मृत्युपत्राचा विषय काढण्यासारखं. पण मास्तरांचा आवाज खणखणीत होता आणि स्वतःची थट्टा करून घ्यायला ते तयार असत. त्यामुळे लोक हसत हसत का होईना, ऐकत.

त्यांची मुलगी लहानपणी घरातली एकही भिंत कोरी ठेवत नसे, म्हणून तिचं नाव पडलं पेन्सिल. पुढे ती जहाजांच्या आतल्या भागांची रचना करणारी डिझायनर झाली. कंपनीने नवं, आजवरचं सगळ्यात मोठं जहाज बांधायला घेतलं, तेव्हा त्याचा मधला हॉल आखायचं काम तिच्याकडे आलं. आणि त्याच जहाजावर मास्तरांची बदली झाली.

मास्तर मान वर करून हॉलला एक फेरी मारून आले. तीन मजले उंच, चहूबाजूंनी तपकिरी लाकडाच्या फळ्या, मध्ये उंचच उंच आरसे. कुठे खिळा दिसत नव्हता की सांधा.

"कसा वाटला?" पेन्सिलने विचारलं.

"देखणा आहे. पण आरसे काढ."

"बाबा."

"घाबरलेल्या माणसाला आरशात वाट दिसते गं. तो तिकडेच धावेल."

"सगळ्या तपासण्या झाल्यात. संगणकावर माणसं पळवून पाहिलीत आम्ही."

"संगणकातल्या माणसांना गुडघेदुखी असते का?"

ती हसली नाही. दोघांचा स्वभाव एकाच मातीचा, एकदा म्हटलं की म्हटलं. शेवटी मास्तरांनी थेट कंपनीच्या मोठ्या साहेबांकडे तक्रार केली. साहेबांनी गोड हसून ऐकून घेतलं, आरसे जागच्या जागी राहिले, आणि बापाने आपल्या डोक्यावरून तक्रार नेली म्हणून पेन्सिलने त्यांचे फोन घेणं बंद केलं.

पहिल्या खऱ्या सफरीआधी एक चाचणी सफर ठरली. पैसे भरून येणारे प्रवासी नव्हते. कर्मचाऱ्यांचे नातेवाईक आणि कंपनीचे पाहुणे होते. मास्तरांची बायकोही आली. तिला समुद्राचं वेड नव्हतं. नवरा आणि मुलगी एका छपराखाली आले तर बोलतील, एवढाच तिचा हिशेब होता.

"तुम्ही दोघं बोलत नाही म्हणून मला बोटीत बसावं लागतंय," ती म्हणाली. "आता पोहायला लावू नका."

निघण्याच्या दिवशीच सराव झाला. पाहुण्यांचा खोळंबा नको म्हणून हॉलची आगरोधक दारं या वेळी उघडीच ठेवावीत, असा निरोप साहेबांकडून आला. ही दारं एरवी भिंतीला लोहचुंबकाने धरून ठेवलेली असत. धोक्याची घंटा वाजली की सुटून आपोआप मिटत, म्हणजे आग एका भागातून दुसऱ्या भागात जाऊ नये. एरवी मास्तरांनी याला विरोध केला असता. पण आरशांवरून आधीच तोंडघशी पडले होते, पुन्हा कुरकुर करणारा म्हातारा ठरायचं त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी मान डोलावली.

सराव नामी झाला. एकही माणूस आरशाकडे धावला नाही. पेन्सिल जिन्याच्या कठड्याला टेकून बघत होती. एकदा आरशांकडे आणि एकदा बापाकडे बघून ती निघून गेली, हेच मास्तरांना झोंबलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणं आटोपून लोक पेंगुळलेले असताना, खालच्या मजल्यावरच्या धुलाईघरात कपडे वाळवायच्या यंत्राने पेट घेतला. आग मोठी नव्हती. विझवणारी तुकडी लगेच खाली गेली. पण यंत्रात साठलेल्या कापसाच्या धुराने हवेच्या नळ्यांमधून वाट काढली आणि तो थेट हॉलच्या मागच्या बाजूला वर आला.

घंटा वाजली. दारं मिटली. दिवे गेले आणि मिणमिणते आपत्कालीन दिवे लागले.

मास्तर हॉलच्या पुढच्या दाराशी, आपल्या ठरलेल्या जागी पोहोचले. तिथून बाहेरच्या मोकळ्या डेकवर जायचं होतं. हॉलमधली आणि जिन्यावरून उतरणारी माणसं तिकडेच येत होती. घाबरलेल्या माणसाला "घाबरू नका" म्हणून काही होत नाही, हे ते मैदानावर शिकले होते. त्याच्या हाताला काम द्यावं लागतं.

"पिवळा स्वेटर, तुम्ही. या आजींचा हात धरा. उंच साहेब, तुम्ही दारात उभे राहा, उंबरा आहे म्हणून प्रत्येकाला सांगा. पळायचं नाही. पळेल त्याला मैदानाला फेरी."

कोणीतरी हसलं. रांग हलू लागली. आणि तेव्हाच त्यांच्या लक्षात आलं, बायको कुठे दिसत नाही.

पेन्सिल गर्दीतून वाट काढत आली. "आई वाचनालयात होती. मागच्या बोळात."

दोघांनी मागे पाहिलं. बोळ नव्हताच. जिथे बोळाचं तोंड होतं तिथे आता दारं मिटली होती, आणि दारं भिंतीसारख्याच तपकिरी लाकडाची. एक तरुण खलाशी फळीमागून फळी चाचपत होता. धूर छतापासून खाली उतरत होता. लाकडामागून ठोकल्याचा आवाज येत होता, पण नेमका कुठून ते कळत नव्हतं.

"त्याला मूठ सापडत नाहीये," पेन्सिल म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "बाबा, मूठ मी लाकडात बुडवली आहे. दिसू नये म्हणून. आतूनही तशीच आहे."

मास्तरांचं काळीज तिकडे धावलं, पाय जागेवर राहिले. रांग अजून जिन्यापर्यंत होती. ते हलले असते तर मागच्यांनी पुढच्यांना तुडवलं असतं. हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. आणि गेले असते तरी ती मूठ त्यांना सापडली नसती. ती ज्याला सापडेल असं माणूस एकच होतं, त्यांच्यासमोर उभं.

जा, हा शब्द त्यांच्या तोंडातून निघेना. त्यांनी शेजारच्या टेबलावरचा कापडी रुमाल पाण्याच्या जगमध्ये बुडवला आणि तिच्या हातात दिला.

"वाकूनच राहा. धूर वर असतो. खलाशाचा पट्टा सोडू नको."

ती गेली. गुडघ्यांवर रांगत गेलेली त्यांनी पाहिली, मग धुराने तिला गिळलं.

त्यापुढे ते काय बोलत होते ते त्यांना नंतर आठवलं नाही. लोक सांगतात, आवाज तसाच होता, खणखणीत. एका बाईच्या चपलेचा बंद सुटला तर खाली बसून त्यांनी तो बांधूनही दिला. त्यांना स्वतःला आठवत होतं ते एवढंच, की मागचं ठोकणं थांबलं होतं. थांबलं म्हणजे दार उघडलं, की ठोकणारे हात गळले? मागे वळून पाहिलं तर रांगही मागे वळून पाहील, म्हणून ते वळले नाहीत.

मग खोकल्याचा आवाज आला. खलाशाच्या खांद्याला धरून एक म्हातारे गृहस्थ, त्यांच्या मागे एकमेकांचे कपडे धरलेली सात-आठ माणसं, त्यांत काळवंडलेल्या तोंडाची त्यांची बायको, आणि सगळ्यांच्या शेवटी पेन्सिल. तिच्या उजव्या हाताची नखं तुटून रक्त येत होतं. बायको त्यांच्या समोरून गेली. त्यांनी हात पुढे केला, तिने तो धरला नाही.

आग विझली. कोणी दगावलं नाही. जहाज बंदरात परतलं.

चौकशीच्या बैठकीत मोठे साहेब म्हणाले, "पाहुणे गोंधळले. सूचना ऐकल्या असत्या तर हे झालं नसतं. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

पेन्सिलचा घसा अजून बसलेला होता. "पाहुणे गोंधळले नाहीत," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "ते दारापाशीच होते. दाराला हात लावून उभे होते. ते दार आहे हे त्यांना कळू नये अशी सोय मी केली होती. ते बदलल्याशिवाय जहाज सोडू नका."

साहेबांनी मास्तरांकडे पाहिलं. म्हातारा नेहमीप्रमाणे आरशांवर घसरेल, ही त्यांची अपेक्षा असावी.

"आरशांबद्दल मी चुकलो, आगीतही कोणी तिकडे धावलं नाही," मास्तर म्हणाले. "मिटलेली दारं कोणी पाहिलीच नाहीत, कारण सरावात ती उघडी होती. निरोप तुमचा होता, मान मी डोलावली. तेही लिहून घ्या."

पहिली सफर पुढे ढकलली गेली. दारांना हिरवे, जाडजूड दांडे बसले, जमिनीलगत उजळणाऱ्या पट्ट्या आल्या. हॉलची शोभा गेली असं बरेच जण म्हणाले. पेन्सिलला सजावटीच्या कामातून काढून बाहेर पडायच्या वाटा आखणाऱ्या विभागात टाकलं. ती शिक्षा होती आणि ती शिक्षा आहे हे तिला कळतही होतं. पण ती गेली.

घरी मात्र मास्तरांची बायको त्या दिवसाबद्दल चकार शब्द काढत नव्हती. स्वयंपाक, औषधं, विजेचं बिल, सगळं बोलायची. एका सकाळी ती कपड्यांच्या घड्या घालत होती, तेव्हा मास्तरांनीच विषय काढला.

"मी आलो नाही, म्हणून राग आहे ना?"

तिने हातातली चादर खाली ठेवली. "आत आम्ही सगळे ठोकत होतो. तुमचा आवाज ऐकू येत होता मला. कुणाला तरी सांगत होतात, उंबरा आहे, जपून. किती शांत होता आवाज."

"तो आवाज—"

"माहीत आहे मला. सगळं कळतं. तुम्ही जागा सोडून आला असतात आणि तिथे कोणी चिरडलं असतं, तर मी तुम्हाला घरात घेतलं नसतं. पण त्या वेळी तो आवाज ऐकून मला वाटलं, या माणसाला मी नाहीच." ती थांबली. "आणि वर पोरीला पाठवलंत."

पेन्सिल आत गेल्यावर आपण मागे वळून का पाहिलं नाही, ते मास्तरांनी सांगायचा प्रयत्न केला, पण शाळेच्या मैदानावर उभा जन्म ओरडलेल्या माणसाला हळू बोलायचे शब्द सापडेनात.

"राहू द्या," ती म्हणाली. "जाईल हे. आज नाही, पण जाईल."

तिने चादरीची दोन टोकं त्यांच्याकडे फेकली. त्यांनी ती धरली, आणि दोघं मिळून घडी घालू लागली.