पेपरातलं सरकार आणि आमचा बांध

सर्वपित्री अमावास्येला चार दिवस होते आणि गावातल्या वाणी भाऊंच्या दुकानात मुंबईचा पेपर आला... दोन दिवस शिळा, नेहमीसारखाच. स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील. मी चौदा वर्षांची, नुकतीच सातवी पास आणि तोंडाने फटकळ. (ते अजून तसंच आहे, घरचे सांगतील.)

आमचं गाव अलिबागच्या अलीकडे, खाडीच्या काठावर. भाताची शेतं भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आणि मधे फक्त मातीचा बांध. तो फुटला की खारं पाणी शेतात, आणि मग दोन-तीन वर्षं तिथे भाताची काडी उगवत नाही.

म्हणून गावाचा नियम एकच... बांधावरून हाळी आली की घरटी एक माणूस चिखल उचलायला हजर. मग घरात लग्न असो की सुतक.

आता भाऊंची वाचायची तऱ्हा ऐका. मथळा खणखणीत आवाजात वाचायचा आणि खालचं आपल्या मनाने सांगायचं! त्या दिवशीचा मथळा होता, 'खारबांधांची जबाबदारी आता सरकारची'. झालं... आता इंजिनिअर येणार, सिमेंट येणार, यंत्रं येणार, भाऊंनी सगळं सांगून टाकलं. दुकानातली मंडळी अशी खूष, की जणू सिमेंटच्या गोणी धक्क्यावर उतरल्यासुद्धा.

त्याच दुपारी आईला बांधात खेकड्यांनी पाडलेली भोकं दिसली. आतून पाणी झिरपत होतं. वडील मी लहान असतानाच गेलेले, आणि आमचं एकुलतं शेत नेमकं बांधाला चिकटून... भात नुकतं निसवलं होतं, लोंब्या बाहेर पडत होत्या.

आईने हाळी दिली. कुणी आलं नाही. पुन्हा दिली, तर लांबून एकाने ओरडून विचारलं, पेपर ऐकला नाहीस का? आईला मी त्या दिवशी पहिल्यांदा घाबरलेलं पाहिलं.

तीन दिवस आम्ही दोघीच चिखल भरत होतो. इकडे बुजवावं, तर तिकडे भोक रुंद. गावातले लोक पितरांच्या पानासाठी अळू नि भोपळा जमवत होते, आणि अमावास्येच्या भर दुपारी वर्षातलं मोठं उधाण येणार होतं. सगळ्यांना ठाऊक होतं हो... पण पेपरात छापलंय ना!

अमावास्येच्या आदल्या दिवशी सकाळी माझं डोकं फिरलं. चिखलाच्या हातापायांनी तशीच भाऊंच्या दुकानात शिरले आणि गठ्ठ्यातून तो पेपर ओढून काढला. मथळा सोडला आणि खालची बारीक अक्षरं मोठ्याने वाचायला लागले.

खाली काय होतं? सरकार विचार करत आहे. आधी पाहणी होईल, मग कोणता बांध कधी ते ठरेल... आणि तोपर्यंत देखभाल ज्या त्या गावानेच करायची. म्हणजे मथळा एक सांगत होता नि बातमी दुसरंच.

मोठी माणसं चिडली. कुणी म्हणालं, चार बुकं शिकली तर डोक्यावर बसली. एक आजोबा समजुतीने म्हणाले, छापलेलं का कधी खोटं असतं, पोरी?

मी पेपर त्यांच्यासमोर धरला.

"उद्या दुपारी भरती हाय. सरकार त्याच्या आधी येनार असं यात कुठं छापलंय, तेवढं बोट ठेवून दाखवा."

मग भाऊंनी चष्मा लावला, पेपर माझ्या हातातून घेतला आणि पहिल्यांदाच सगळी बातमी वाचली... ओठ हलवत, सावकाश. वाचून झाल्यावर त्यांनी भर सकाळी दुकानाच्या फळ्या लावल्या, बांधावर गेले आणि स्वतः हाळी दिली.

सगळं गाव आलं. तो अख्खा दिवस आणि अमावास्येच्या दुपारपर्यंत हातोहात चिखलाचे गोळे सरकत होते. पाणी बांधाच्या माथ्याखाली चार बोटं येऊन थांबलं आणि मग हळूहळू उतरलं. आई तिथेच मटकन बसली नि रडली.

पितरांची पानं त्या वर्षी तिसऱ्या प्रहरी वाढली गेली. शेजारची काकू म्हणाली, चालतंय, बांध त्यांनीच तर घातलाय.

भाऊंनी माझी माफी वगैरे मागितली नाही. पण पुढच्या वेळी पेपर आला तेव्हा तो माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, आधी खालचं वाच. मला तेवढी माफी पुरली.

माझं ना सरकारशी वाकडं, ना यंत्राशी. ही पोस्ट मीच टाइप करतेय, एका बोटाने का होईना... पण 'सरकारने सांगितलंय', 'बातमीत आलंय' एवढ्यावर कुणी हातातलं घमेलं खाली ठेवलं, की माझं टाळकं आजही सटकतं. मग मला म्हातारी म्हणा नाहीतर भांडकुदळ.

सरकार आलं बरं का... चार-पाच वर्षांनी. टेप, नकाशा आणि टोपीवाले एक साहेब. माणसं भली होती, काम पुढे चांगलंही केलं.

साहेबांनी बांधावर उभं राहून विचारलं, हा बांध सांभाळतं कोण? सगळ्यांनी माझ्या आईकडे पाहिलं. ती खाली गुडघाभर चिखलात होती, वरही आली नाही.

म्हणाली, "आमीच. तुमी येईस्तवर... नि तुमी गेल्यावर पन."