दोन टी, दोन एच

सोनवणे गेल्याची बातमी मला शिरपूरच्या एका व्यापाऱ्याने फोनवर दिली, तीही मालाचं बोलणं आटोपल्यावर, जाता जाता. "तुमच्याकडे तो कॉम्प्युटरवाला होता ना, धुळ्याचा... गेला बिचारा. हार्टचं झालं." मी "अरेरे" म्हणालो आणि फोन ठेवला. त्यानंतर पहिला विचार काय आला ते लिहायची लाज वाटते, पण लिहितो. जाण्याआधी त्याने कुणाला सांगितलं तर नसेल? माणूस गेल्याचं वाईट वाटलं ते नंतर... चांगलं तासाभराने.

मी मूळचा असोद्याचा. सायकलच्या कॅरिअरवर प्लास्टिकच्या चटया बांधून गावोगाव विकल्या, घासाघीस करत, भांडत, जळगावच्या औद्योगिक वसाहतीत स्वतःचा कारखाना उभा केला. चटई कुणीही विणतो. खरी गोष्ट मिश्रणात असते. जुन्या प्लास्टिकचा दाणा किती, नवा किती, रंग किती, आणखी काय काय. ते चुकलं तर आमच्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात चटई घडीवर तडकते. माझी तडकत नसे. ते प्रमाण कित्येक वर्षं फक्त माझ्या डोक्यात होतं. मग नव्वदीच्या सुरुवातीला ऑफिसात कॉम्प्युटर आला आणि तो चालवायला धुळ्याहून सोनवणे आला. बारीक, अबोल, पूर्ण बाह्यांचा शर्ट. कॉम्प्युटरच्या खोलीत शिरताना चपला बाहेर काढायचा आणि मलाही काढायला लावायचा. मिश्रणाची सगळी प्रमाणं मी सांगितली, त्याने आत घातली. म्हणाला, "आता एक शब्द ठरवा, भाऊ. तो टाकल्याशिवाय हे उघडणार नाही. मला सांगू नका." आणि उठून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, दोन्ही हात मागे बांधून, मास्तरांनी शिक्षा केल्यासारखा. मी हसलो. म्हटलं, अरे, आकडे तर तुझ्याच हातून गेले, आता शब्दाला काय लाजतोस? तो वळला नाही.

मी शब्द ठेवला 'बठ्ठा'. आमच्या खान्देशी बोलीत बठ्ठा म्हणजे सगळा. मुंबईचा माणूस आला तरी त्याला सुचणार नाही, अशी माझी हुशारी. घोळ एवढाच झाला की त्या मशीनला अक्षरं इंग्रजी लागत आणि बठ्ठा इंग्रजीत लिहायचा कसा हे माझं मला ठरेना. एकदा एच कमी पडे, एकदा टी जास्त होई. मी कॅबिनमधूनच ओरडायचो, "अरे, त्या बठ्ठात एच एक का दोन?" पहिल्यांदा सगळे गप्प बसले. मग सगळ्यांनीच कागदावर लिहून पाहिलं असावं, कारण आठवड्याभरात हॉलमधून उत्तर यायला लागलं, "दोन, भाऊ!" सोनवणे तेव्हाही भिंतीकडेच तोंड करून उभा असायचा.

त्याने मला सांगितलं नाही असं नाही. कॅबिनचं दार लावून तीनदा सांगितलं. "मशीन मी सांभाळतो, भाऊ. पण हा नियम तुम्ही पाळला नाहीत तर ऑफिसात कुणीच पाळणार नाही. हे माझ्या हातातलं काम नाही, मालकाचं आहे." मी म्हणायचो, "मग तुला पगार कशाचा देतो?"

एका सोमवारी सकाळी तो वही घेऊन माझ्यापुढे आला. कॉम्प्युटर कुणी, कधी वापरला याची तो रोज नोंद ठेवी. मिश्रणाची फाइल रविवारी दुपारी उघडून पुन्हा साठवली गेली होती, मशीनमध्ये तशी वेळ दिसत होती. रविवारी कारखाना बंद. किल्ल्या दोन, एक माझ्याकडे, एक त्याच्याकडे. माझं डोकं फिरलं. धुळ्यात एकाने नुकताच चटयांचा कारखाना टाकला होता, आणि हाही धुळ्याचाच. मी हॉलमध्ये सगळ्यांदेखत विचारलं, "कितीला विकलंस?"

तो भांडला नाही. चहावाला कप वाटत होता, त्याच्याकडे वळून म्हणाला, "भाऊंचा शब्द कोणता रे?"

चहावाल्याने केटलीसुद्धा खाली ठेवली नाही. "बठ्ठा. दोन टी, दोन एच."

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगाले कसाले पाह्यजे? बठ्ठासले माहीत शे."

हॉल हसला. माझ्याच पगारावरची माणसं तोंडावर हात धरून हसत होती. मी सोनवणेला त्या क्षणी काढून टाकलं. माझी तक्रार आजही तीच आहे, हे चार लोकांत कशाला? कॅबिनमध्ये आला असता तर... पण कॅबिनमध्ये तो तीनदा आलाच होता.

दोन दिवसांनी जेवताना घास हातात राहिला. रविवारी भडगावचे व्याही आले होते. त्यांना कारखाना दाखवताना मीच कॉम्प्युटर लावून ती फाइल उघडली होती, ऐट म्हणून चार बटणं दाबली होती. चोर कुणी नव्हताच. धुळ्याला निरोप पाठवायला हवा होता. आज पाठवू, उद्या पाठवू म्हणत राहिलो आणि तेवढ्यात कळलं, सोनवणे त्या धुळ्याच्या कारखान्यात लागला. शब्द मी बदलला होता, पण आकडे त्याच्या डोक्यात होते. ते कसे बदलणार? मी त्याच्यावर अन्याय केला होता आणि माझा सगळा धंदा त्याच्या जिभेवर होता. त्यानंतर दर उन्हाळ्यात मी कुणाकरवी तरी धुळ्याची चटई मागवायचो आणि घडी घालून गच्चीवर टाकायचो. रोज संध्याकाळी वर जाऊन घडी उलगडून बघायची. बायको म्हणायची, "पापड वाळत घातल्यासारखं काय बघता?" आठ-पंधरा दिवसांत ती तडकायची. मला हायसं वाटायचं. आणि पुढच्या वर्षी पुन्हा तीच धाकधूक.

बातमीनंतर चार दिवसांनी धुळ्याला भेटायला गेलो. दोन खोल्यांचं घर. मी पुढच्या चटईवर बसायला लागलो तशी त्याची बायको घाईने म्हणाली, "त्यावर नका बसू, भाऊ. तडकलीय, टोचेल. त्यांच्याच कारखान्यातली आहे." मी तरीही तिथेच बसलो. घडीवर तडकलेली ती चटई बोटांनी चाचपत राहिलो. तिला सांगायचं ते तोंडातून फुटलं नाही, म्हणून इथे लिहितो आहे.

ऑफिसात आता नवी मशीन आली आहे, नवी माणसं आहेत. मी शब्द टाकताना सगळे पडद्याकडे बघत उभे असतात, त्यांना बाहेर घालवावं लागतं. मग मी एकटा उरतो. बोट उचलतो, आणि सोनवणे भिंतीकडे वळेपर्यंत थांबतो.