पोळ्याचं आवतण

डवरणीचे दिवस होते, पिकाच्या ओळींमधून बैलांचा डवरा फिरवून मी तण काढत होतो. समुद्रपूरच्या बसमधून उतरलेला ओळखीचा माणूस थेट वावरात आला आणि म्हणाला, "डवरा सोडा भाऊ. महादेवदादा गेले." मी डवरा सोडला नाही. धरलेल्या ओळीचा तास पुरा केला, बैल धुऱ्यावर, बांधाशी उभे केले आणि मग खाली बसलो. आधी रागच आला… हा माणूस कधी कोणाला विचारून काही करायचाच नाही. रडू नंतर आलं. त्याच्या प्रार्थनेच्या लोकांनी त्याला पुरलं, तिथल्या क्रूसावर 'महादेव' असंच लिहिलंय. नाव बदल म्हणून त्यांनी सुचवलं होतं, तेव्हा माझा हा मोठा भाऊ म्हणाला होता, "नाव बाबानं ठेवलं हाय. ते मी कसा बदलू?" इकडचे म्हणत देव सोडला, तिकडचे म्हणत नाव सोडत नाही. दोन्हीकडून बोलणी खायची त्याला सवयच झाली होती.

आणीबाणीच्या आधीची गोष्ट. छातीच्या दुखण्यानं दादा मिशनच्या एका दवाखान्यात बरेच महिने पडून होता. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा रोज संध्याकाळी बायबल वाचायचा आणि दादा ऐकायचा. घरी परतला तो येशूचा होऊनच. आम्हाला वाटलं, अशक्तपणा आहे, चार दिवस भाकर पोटात गेली की जाईल. पण दर रविवारी पहिली बस धरून तो वर्ध्याला प्रार्थनेला जाऊ लागला आणि विहिरीवर आमच्या घराचं नाव निघू लागलं. धाकट्या बहिणीला बघायला गिरडकडचे पाहुणे आले, चहा पिऊन गेले, आणि नकार आला. कारण त्यांनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. माय चुलीपुढे बसून पुटपुटायची, "काऊन करून राह्यला असं, पोरा…"

पोळा जवळ आला तेव्हा गावातल्या जाणत्यांनी बाबांना तोड सुचवली. पोरानं तोरणाखाली सगळ्यांदेखत बैलजोडी ओवाळावी, की गाव सारं विसरेल, पोरीचंही जमेल. बाबांनी दादाला तेवढंच सांगितलं. आदल्या संध्याकाळी त्यानं नेहमीसारखी खांद शेकली. वर्षभर जू वाहून बैलांचे खांदे सोलवटतात, त्यांना लोणी-हळद चोळून पळसाच्या पानांनी शेक द्यायचा. दादाचा हात इतका हलका, की बैल डोळे मिटून घ्यायचे. मग त्यानं रीतीप्रमाणे त्यांच्या कानाशी म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." ते ऐकून मला हायसं वाटलं. वाटलं, वाकला एकदाचा.

दुसऱ्या दिवशी तोरणाखाली जोड्या लागल्या. बाबांनी आरतीचं ताट दादापुढे धरलं. दादाच्या हातात कासरा होता, तो तसाच राहिला. वाजंत्री थांबली. ताटातला दिवा फडफडत होता.

"घे," बाबा म्हणाले.

"बाबा, सेवा म्हनसान तेवढी करतो. पूजा नाई होत माह्यानं."

"बहिनीकडं पाह्य."

दादानं बायकांच्या घोळक्यात उभ्या असलेल्या बहिणीकडे पाहिलं. त्याचा चेहरा इतका उतरला, की मला वाटलं आता घेतो ताट. पण त्यानं कासरा बाबांच्या खांद्यावर ठेवला, बाबांच्या पायांना हात लावला आणि गर्दीतून निघून गेला. "माह्या घरी पाय ठेवू नको," बाबा त्याच्या पाठीला म्हणाले. त्यांना एवढ्या हळू बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

दादा सेवाग्रामच्या वाटेवर खोली घेऊन राहिला, दुसऱ्याच्या मळ्यात वांगी-मिरची पिकवू लागला. बहिणीचं लग्न उशिरा झालं, आणि त्याला मांडवात येऊ दिलं नाही. पण दर वर्षी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी तो यायचा, मागच्या दारानं गोठ्यात शिरायचा, खांद शेकायचा, आवतण द्यायचा आणि शेवटच्या बसनं परत जायचा. बाबा तोंड फिरवून ओसरीत बसलेले असत. गोठ्याची कडी मात्र त्या दिवशी काढलेली असायची. ती कोण काढतं, हे घरात कोणी विचारायचं नाही.

अशी बरीच वर्षं गेली. बाबांना दिसेनासं झालं, ते गोठ्याच्या भिंतीलगत खाटेवर पडून असत. एका पोळ्याला भिंतीपलीकडून दादाचा आवाज आला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." बाबा उठून बसले. मला वाटलं, आता शिव्या घालतात. ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "तूबी येजो."

दुसऱ्या दिवशी दादा आला, बाबांच्या शेजारी जेवायला बसला. पुरणपोळी वाढली आणि दादानं डोळे मिटून हात जोडले. शेजारपाजारचे जेवायला आलेले लोक एकमेकांकडे पाहू लागले. बाबांनी ताटावर हात आडवा धरला आणि मायला विचारलं, "झालं का त्याचं?" माय म्हणाली, "नाई अजून." बाबा थांबले म्हणून सगळे थांबले. तिनं "झालं" म्हटल्यावरच त्यांनी घास घेतला. पुढे बाबा गेले, पण दादाची पोळ्याची पंगत चुकली नाही आणि आमचं थांबणंही.

यंदा खांद मीच शेकली. माझा हात जड आहे, बैलानं दोनदा मान झटकली. दुसऱ्या दिवशी ताटं वाढून झाली, तरी कोणाचाच हात ताटाकडे जाईना. दादा काय म्हणायचा ते आम्हाला ठाऊक नव्हतं, तो ओठातच पुटपुटायचा. पोरं खाली मान घालून बसली होती. पुरणपोळीवरचं तूप थिजत चाललं होतं. शेवटी कोपऱ्यातून म्हातारी माय म्हणाली, "झालं असंन त्याचं. जेवा आता."