गाडी साताऱ्याला, रिमोट सांगलीला

हातात आलेली कुठलीही वस्तू आमचे डॉक्टर आधी नाकाशी नेत. मग चष्मा कपाळावर सरकवून डोळ्यांशी. मी पहिल्यांदा त्यांच्या सांगलीच्या दवाखान्यात गेलो, तेव्हा त्यांनी माझं कार्डसुद्धा हुंगलं आणि म्हणाले, "पेट्रोल. तुमची मोटारसायकल गळतेय, प्रतिनिधी. बसा."

खरंच गळत होती. आणि त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'प्रतिनिधी' झालो. नाव त्यांनी कधी विचारलं नाही.

मी तेव्हा दातांच्या डॉक्टरांना लागणारा माल विकत असे. प्लास्टर, सिमेंट, मेण, सुया, चिमटे. व्यापारी पुण्याचा, फिरती माझी. सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे. नव्वद साल नुकतंच उलटलं होतं. डॉक्टर पन्नाशीचे, बुटके, हाताने फार हलके. दात काढून झाला तरी पेशंट आ वासून वाट बघत बसलेला असे. पण लोक दबकत ते दुखण्याला नव्हे, प्रश्नांना. तोंडात कापसाचे बोळे कोंबले की डॉक्टरांची चौकशी सुरू होई.

"घरात रिमोटवर चालणारी जुनी गाडी आहे का? मुलांची, भाच्यांची, कुणाचीही? बोलू नका, फक्त मान हलवा."

कवठे महांकाळच्या एका शेतकऱ्याला वाटलं, हा उपचाराचाच भाग असावा. त्याने भीतभीत मान हलवली. पुढच्या खेपेला तो पिशवीतून नातवाची दोरीने ओढायची लाकडी बैलगाडी घेऊन आला. डॉक्टरांनी तीही हुंगली. "सागवान आहे," म्हणाले, आणि मोठ्या आदराने परत केली.

माझ्या लक्षात आधी आली ती गुलाबी पावडर. कवळीच्या हिरड्या करायला ती लागते. एका दवाखान्याला वर्षभर पुरावी एवढी डॉक्टर दर फेरीला घेत. मला वाटलं, सांगलीत कुणाच्या तोंडात दात उरला नसावा. मी तसं विचारलंही. तेव्हा त्यांनी आतल्या खोलीचं दार उघडलं.

आत फळीवर गाड्या होत्या. वीतभर, दीड वीतभर, बॅटरीवर पळणाऱ्या. प्रत्येक गाडीची पाठ अँटेनाच्या तारेने टोचलेली. एकही नवी नव्हती. कुणाचा बंपर तुटलेला, कुणाचा सांगाडा चिरलेला, आणि जिथे तुटलंय, चिरलंय तिथे झकास गुलाबी हिरडी भरलेली. समोरून पाहिलं की अख्खी रांग आपल्याकडे बघून हसतेय असं वाटे.

पहिली गाडी त्यांना माधवनगरच्या गिरणीतल्या एका अधिकाऱ्याकडून मिळाली. त्याच्या सासूबाईंना कवळी हवी होती आणि त्याच्या मुलाला गाडीचा कंटाळा आला होता. अदलाबदल झाली. सासूबाई ऊस खाऊ लागल्या आणि डॉक्टर बिघडले, असं वहिनी सांगत. डॉक्टरांच्या बायकोला आम्ही सगळे वहिनीच म्हणत असू. "ह्यांच्या दवाखान्यात दात जातात आणि चाकं येतात," हे त्यांचंच वाक्य.

"डॉक्टर, एखादी नवी का नाही घेत?" मी एकदा म्हटलं.

"नव्या गाडीला स्वभाव नसतो, प्रतिनिधी. जुनी गाडी कुणाकडे तरी रडून आलेली असते. तिला कुठे दुखतंय ते शोधावं लागतं."

ते शोधत असत, हे मात्र मी पाहिलं आहे. मोटर उघडून तिचा तांब्याचा भाग दातांच्या ब्रशने घासायचे. टायर झिजले की सायकलच्या ट्यूबची पट्टी चिकटवायचे. इवलेइवले शॉकॲब्सॉर्बर सुटे करून त्यांत वहिनींच्या बाटलीतलं खोबरेल भरायचे. मग गाडी दवाखान्याच्या गच्चीवर सोडायची आणि मान कलती करून नुसतं ऐकायचं. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. रेडिओ लागला नाही तर त्याच्याशी बोलणारी. डॉक्टर त्यांतले, फक्त चार चाकांचे.

हळूहळू मीही कामाला लागलो. पुण्याच्या जुन्या बाजारात, साताऱ्याच्या भंगारात गाडी दिसली तर बघायची. डॉक्टरांची सूचना पाठ होती: "चाक फिरवा, गिअरच्या दात्यांचा आवाज ऐका, मोटरचा वास घ्या. जळका आला तर नमस्कार करून निघा." मी चारचौघांत खेळणी हुंगू लागलो. नोकरीत माणसाला काय काय करावं लागतं बघा.

आणि एके दिवशी साताऱ्याच्या एका भंगारवाल्याकडे मला ती दिसली. लाल, जपानी, जवळजवळ अंगावर ओरखडा नसलेली. कुणीतरी आखातातून आणली असणार. रिमोट वेगळ्या टोपलीत पडला होता. मी तो उचलून त्याच्या कळा दाबून बघत होतो, तेवढ्यात माझ्या खांद्यावरून एक लांब हात आला आणि त्याने गाडी उचलली.

मागे वळलो. सहा फुटी माणूस, पांढऱ्या मिशा, बुटांना आरशासारखं पॉलिश. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, साताऱ्याजवळच्या गावात उसाची शेती. हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी एवढंच कळलं, की त्यांनी मोटरचा वास घेतला.

"ही मी घेतली," सुभेदार म्हणाले.

"अहो, ह्याचा रिमोट माझ्या हातात आहे."

"आसंल. गाडी माझ्या हातात हाय."

भंगारवाल्याने दोघांकडे पाहिलं आणि न्याय केला. "माझ्याकडं दोन्ही वायली आली. वायली गेली. तुमी तुमचं बघा."

सुभेदार हटेनात. मीही रिकाम्या हाताने सांगलीला जाणं शक्य नव्हतं. अशा रीतीने गाडी साताऱ्याला राहिली आणि रिमोट सांगलीला आला. आता ह्या गाड्यांची गंमत अशी, की गाडीतला आणि रिमोटमधला, लहरी जुळवणारा क्रिस्टल एका जोडीचा असावा लागतो. दुसरा रिमोट तिला चालत नाही. नवऱ्याच्या हाकेला ओ देणारी बाई शेजाऱ्याच्या हाकेला वळत नाही, तसं.

डॉक्टरांनी रिमोट हुंगला. "गाडीचा वास घेतलात?"

"मी नाही. त्यांनी घेतला."

"घेतला?" डॉक्टर एकदम सावध झाले. "म्हणजे माणूस जाणकार आहे. पंचाईत आहे."

त्यानंतर कित्येक महिने मी दोन जिल्ह्यांतला निरोप्या होतो. सुभेदारांकडे आणखी एक निळी गाडी होती, ती ते अंगणात पळवत. लाल गाडी खोलीत, घोंगडीवर. ते म्हणत, "सांगा तुमच्या डाक्टरला, दुश्मनाचा वायरलेस घावला म्हंजे रणगाडा आपला व्हत न्हाई."

डॉक्टरांचं उत्तर: "त्यांना म्हणावं, घोंगडीवर ठेवलेल्या रणगाड्याला शोभेची वस्तू म्हणतात."

शेवटी ठरलं, शर्यत लावायची. सुभेदारांची निळी आणि डॉक्टरांची कुठलीही एक. जो जिंकेल त्याला लाल गाडी, रिमोटसकट. मैदान सुभेदारांच्या शेतातलं खळं. मळणी झाली होती आणि खळं नुकतंच शेणाने सारवलेलं, कॅरमबोर्डासारखं गुळगुळीत.

पौषातली सकाळ. डॉक्टरांच्या फियाटमधून आम्ही गेलो. डॉक्टर, मी आणि वहिनी. वहिनी कंदी पेढ्यांसाठी आल्या होत्या आणि तसं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. खळ्याभोवती निम्मं गाव जमलं होतं. सुभेदार कानांवरून, गालांवरून मफलर गुंडाळून उभे होते.

डॉक्टरांनी आपली लाडकी, दोन्ही बाजूंनी गुलाबी हिरड्यांची गाडी खळ्यात सोडली. ती पळेना. करडासारखी उड्या मारू लागली. पोरं खिदळली. डॉक्टरांनी उचलून नाकाशी नेली आणि त्यांचा चेहरा पडला.

"खोबरेल गोठलं."

सांगलीच्या उकाड्यात कधी न गोठलेलं तेल साताऱ्याच्या थंडीत मेणासारखं झालं होतं. माझ्या मते सुभेदारांनी तिथेच जिंकल्याचं जाहीर करायला हरकत नव्हती. पण ते म्हणाले, "गारठलेल्या गड्याशी लढत न्हाई आमी. आवं, ऐकलं का? ही चुलीपाशी न्या."

त्यांच्या बायकोने, काकूंनी, गाडी पदरात घेतली आणि चुलीजवळ ठेवली. डॉक्टर समोर उकिडवे बसले. दर मिनिटाला बोट लावून बघू लागले. "दूध उतू जातंय का काय, डाक्टर?" काकू म्हणाल्या. "च्या घ्या. शिजली की सांगते."

गाडी शिजली आणि शर्यत लागली. काय सांगू तुम्हांला! दोन प्रौढ पुरुष खांद्याला खांदा लावून, जीभ दातांत धरून, अंगठे वळतील तिकडे स्वतःही वळत होते. निळी पुढे होती. गाव सुभेदारांच्या बाजूने होतं. वहिनी मात्र पेढे विसरून ओरडत होत्या, "अहो, आतून घ्या! आतून!"

एका वळणावर निळी सरळच गेली आणि कडब्याच्या पेंढ्यांत घुसली. डॉक्टरांना मोकळं रान मिळालं. आता हरायचं म्हटलं तरी हरता आलं नसतं. आणि नेमके तेव्हाच डॉक्टर खळ्याकडे बघायचे सोडून सुभेदारांकडे वळले. त्यांचं नाक हललं.

"लवंग," ते म्हणाले.

"काय?" सुभेदार.

"तोंडात लवंग आहे तुमच्या. आणि लवंगेखाली दुसराही वास आहे. मफलर काढा."

"सर्दी हाय."

"सर्दी कसली, डाक्टर!" काकू पुढे आल्या. "आठ दिस झालं, भाकरीचा तुकडा गेला न्हाई पोटात. म्हटलं साताऱ्याला चला, तर म्हन्त्यात शर्यत झाल्यावर."

डॉक्टरांनी हातातला रिमोट खाली ठेवला. त्यांची गाडी आपली आपण जाऊन कडब्यात निळीशेजारी उलथली. तिकडे त्यांनी पाहिलंही नाही. मफलर सुटला. गाल लिंबाएवढा सुजला होता आणि सूज जबड्याखाली उतरायला लागली होती. डॉक्टरांचा आवाज बदलला. मी त्यांना तसं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"सुभेदार, ही गळ्याकडे गेली तर श्वास कोंडेल. साताऱ्यापर्यंतही मी थांबणार नाही."

मग त्या सहा फुटी माणसाने काय करावं? दोन पावलं मागे घेतली. "दंडात गोळी घुसली तवा हूं म्हटलं न्हाई, डाक्टर. पर ती सुई न्हाई. लहानपनापासनं न्हाई."

कुणी हसलं नाही. बाज उन्हात ओढली गेली. गावोगावच्या शिबिरांना न्यायची डॉक्टरांची पेटी फियाटच्या डिकीत असायचीच, कमीजास्त माल माझ्या बॅगेत. काकूंनी पाणी उकळलं. सुभेदार बाजेच्या कडेवर बसले, पण सुई दिसली की तोंड मिटून मान फिरवत. डॉक्टरांनी सुई खाली ठेवली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "प्रतिनिधी, फियाटमधून तो लाल गाडीचा रिमोट आणा. आणि काकू, ती गाडी."

लाल गाडी खळ्यात ठेवली. रिमोट डॉक्टरांनी स्वतः सुभेदारांच्या हातात दिला.

"चालवा."

"आत्ता?"

"आत्ताच. समोर बघा. माझ्याकडे बघायचं नाही."

आणि इतके महिने जिच्यासाठी दोन जिल्हे अडून बसले होते, ती गाडी पहिल्यांदा पळाली. आवाज असा, जसा रेशमी कापड फाडावं. सुभेदारांनी आ वासलेला, सुई कधी लागली ते त्यांना कळलंही नसावं. अंगठे चाललेले. डॉक्टर मात्र खळ्याकडे पाठ करून त्या तोंडात वाकलेले. त्यांना काहीच दिसत नव्हतं.

"कशी पळतेय?" त्यांनी मान न वळवता विचारलं.

"आँ," सुभेदार म्हणाले.

"डाव्या अंगानं वळली, डाक्टर!" गावानेच सांगायला सुरुवात केली. "आता कडब्याला वळसा घातला! लय जोरात! उडली! न्हाई, न्हाई, सावरली!"

"वळताना मागचं चाक सरकतंय का?" डॉक्टरांनी चिमटा घट्ट धरत विचारलं.

"वाईच सरकतंय!"

"सरकणारच. टायर गुळगुळीत झालेत." आणि दाढ बाहेर आली.

एकच वस्तू त्यांनी आयुष्यात हुंगली नसेल, ती ही दाढ. वाटीत टाकली आणि घाण निचरेपर्यंत तासभर ते सुभेदारांच्या उशाशी बसून राहिले. मग म्हणाले, "आता सांगा, कशी आहे गाडी? बोलू नका, फक्त मान हलवा."

सुभेदारांनी मान हलवली. डोळ्यांत पाणी होतं. ते इंजेक्शनचं होतं असं ते पुढे कायम सांगत.

निघताना सुभेदारांनी गाडी घोंगडीत गुंडाळून आमच्यापुढे धरली. डॉक्टर म्हणाले, मी जिंकलेलो नाही. मग डॉक्टरांनी रिमोट पुढे केला. सुभेदारांनी सुन्न जबड्याने सांगितलं, मीबी जिंकलो न्हाई. बराच वेळ हे चाललं. शेवटी वहिनी म्हणाल्या, "आहे तिथे असू दे. पेढ्यांचं दुकान बंद होईल."

म्हणून गाडी साताऱ्यालाच राहिली आणि रिमोट सांगलीला. ती पळवायची म्हणजे दोघांनी भेटायला हवं. मग कऱ्हाड ठरलं, दोघांना सारखंच. हिवाळ्यात एकदा, उन्हाळ्यात एकदा. सुभेदार एसटीने गाडी फौजेच्या ट्रंकेत घालून आणत. डॉक्टर फियाटमधून रिमोट आणि आपल्या गाड्यांचा सगळा ताफा. आळीपाळीने चालवत, भांडत, नदीकाठच्या टपरीवर भजी खात. खोबरेलाच्या जागी आता एरंडेल आलं होतं. गाडीच्या नाकाला कधीतरी दगड लागला आणि तिलाही गुलाबी हिरडी बसली. काही वर्षं अशी गेली.

मग एका पावसाळ्यात डॉक्टर झोपेत गेले. सकाळी दवाखान्याबाहेर पेशंट बसलेले होते. वहिनींनी फोनवर मला सांगितलं आणि म्हणाल्या, सुभेदारांना तुम्हीच सांगा, मला जमायचं नाही.

त्याआधीची कऱ्हाडची भेट शेवटची आहे, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. भजी झाली, निरोप झाला. फियाट सांगलीच्या रस्त्याला लागली. मागच्या काचेत गाड्यांच्या अँटेना ओळीने डुलत होत्या. थोडं पुढे जाऊन ती थांबली आणि उलटी येऊ लागली. डॉक्टरांनी काच खाली केली.

"सुभेदार, मोटर पुसून ठेवा. ट्रंकेत दमट होतं."

"व्हय."

गाडी गेली. वळणापाशी पुन्हा थांबली, पुन्हा उलटी आली.

"आणि वरच्या दाढेत कीड दिसतेय. सांगलीला या. नाहीतर मीच येतो."

"येतो, येतो. तुमी निघा."

गाडी गेली. वळणाआड झाली. मी एसटी स्टँडकडे जायला निघालो, तर सुभेदार ट्रंकेवर हात ठेवून जागचे हलेनात. डोळे रस्त्यावर.

"थांबा वाईच," म्हणाले. "अजून कायतरी इसरलं आसंल त्यांचं."

आम्ही थांबलो. उसाच्या बैलगाड्या गेल्या, एक ट्रक गेला. ऊन उतरलं. बऱ्याच वेळाने सुभेदारांनी ट्रंक उचलली आणि म्हणाले, "न्हाई. गेले."