फ्रान्सचे नाणे आणि आमचे देवघर

बीडच्या कचेरीसमोर टेबल मांडून मी अनेक वर्षे अर्ज लिहीत आलो आहे. माझ्या मसुद्यातील शब्द बदलण्यापूर्वी वकीलही मला विचारतात. घरात मात्र माझ्या म्हणण्याला किती किंमत आहे, ते या प्रकरणात दिसून आले.

एकोणिसाव्या शतकातील फ्रान्सची चांदीची नाणी जमविणे हा माझा छंद. त्यातील सर्वोत्तम नाणे मी सराफाच्या मुशीतून वाचविले होते. मोडीत आलेल्या एका जुन्या माळेत ते ओवलेले होते. पाच फ्रँकचे, जुन्या चांदीच्या रुपयाहून मोठे. त्यावर मध्यभागी सिंहाचे कातडे घेतलेला, बाकी उघडा बलदंड पुरुष आणि दोन्ही बाजूंस एकेक स्त्री.

एके दिवशी कचेरीतून परतलो, तो माझ्या नाण्यांच्या वहीतील त्याची जागा रिकामी. नाणे देवघरात होते. आईने ते चिंच आणि राखेने लख्ख घासून, हळद वाहून, कुलदैवतांच्या टाकांशेजारी बसविले होते. शतकाहून जुनी काळसर झाक, जिच्यावर जाणकार संग्राहक जीव टाकतो, ती मोरीतून वाहून गेली होती. रोज असे घासले तर चेहरेही उरणार नव्हते.

मी आईला स्पष्ट बजावले, की हा देव नाही, परक्या सरकारचे नाणे आहे.

"मधी खंडोबा, इकडं म्हाळसा, तिकडं बाणाई," ती म्हणाली. "तुला दिसंना का आता?"

"मग खंडोबाच्या अंगावर कपडे कावून न्हाईत?" मी विचारले.

"आंघोळीला बसवलाय. कपडे कशाला लागत्यात?"

माझी पत्नी पदराआड हसली. या घरात माझी बाजू घेणारे कोणी नाही, याची तेव्हा खात्री पटली.

मी बराच वाद घातला. शेवटी आई म्हणाली, देव उठवून जागा रिकामी ठेवता येत नाही. त्याच्या बदली दुसरे नाणे दे. मी मन घट्ट करून दाढीवाल्या फ्रेंच बादशहाचे नाणे पुढे केले. आमच्याकडे एकट्या पुरुषाचा टाक म्हणजे घरातल्या मृत पूर्वजाचा, त्याला वीर म्हणतात. आईने नाणे उजेडात धरून निरखले.

"हा कोणाचा वीर? आपल्या घराण्यात असली दाढी कोणाला न्हवती. ने ह्याला."

बादशहा वहीत परत गेला. मग मी निक्षून सांगितले, की निदान माझे नाणे चिंचेने घासायचे नाही.

"तर मग तूच करीत जा पूजा," ती म्हणाली.

तेव्हापासून रोज सकाळी, कचेरीची घाई असतानाही, मी सोवळे नेसून देवघरासमोर बसतो. बाकीच्या टाकांना पाणी घालतो, हळद लावतो. ते नाणे फक्त मऊ सुती कापडाने टिपतो आणि जागेवर ठेवतो. आई मागे पाटावर बसून लक्ष ठेवते. खंडोबाला कोरडी आंघोळ घालणारा पुजारी साऱ्या जिल्ह्यात दुसरा नसेल, असे ती आल्यागेल्याला सांगते. मला हे अत्यंत अपमानास्पद वाटते. पण कापड मी दुसऱ्या कोणाच्या हाती देत नाही.