बाबा, बाप्पा आणि उंच केलेली जीप

माझ्या धाकट्या भावानं वटार गावच्या आमच्या वाडीतला टेम्पो विकला आणि जुनी उघडी जीप आणली. टेम्पोत निदान केळीचे घड मावायचे. जीपमध्ये भावाची हौस सोडून काहीच मावत नव्हतं. गॅरेजवाल्याच्या डोक्यावर बसून त्यानं स्प्रिंगा बदलून घेतल्या, ट्रॅक्टरला शोभतील असे टायर लावले आणि म्हैस अडवेल असा बंपर ठोकला. आता सीटवर चढायला स्टूल लागायचं. बोळिंजला माझ्या सोसायटीत तो ही वरात घेऊन आला की वॉचमन सलाम ठोकायचा आणि मी ओळख दाखवायचे नाही.

"कुठल्याही डोंगरावर चढते, ताई," तो सांगायचा. वटारात डोंगर कुठला? सगळ्यात मोठा चढ म्हणजे आमच्या दारासमोरचा स्पीडब्रेकर.

त्याच वर्षी गणपतीच्या आधी बाबांचा गुडघा बदलला. आमच्याकडे घरातल्या मोठ्यानं मूर्ती मांडीवर घेऊन तळ्यावर जायचं आणि स्वतःच्या हातानं विसर्जन करायचं, अशी रीत. डॉक्टरांनी शेवाळलेल्या पायऱ्यांना साफ नकार दिला. या वर्षी मुलगा करेल, असं काका म्हणाले आणि बाबा ताटावरून उठले.

"गुडघा बदललाय. हात माझेच हायेत ना?"

त्यांचा हट्टीपणा पाहून मला राग आला. पण त्यांचा आवाज कापत होता, म्हणून मी त्यांचं ताट झाकून ठेवलं.

विसर्जनाच्या दिवशी भावानं जीप उलटी घेऊन ओट्याला भिडवली. मागची फळी पाडली, तर ती नेमकी ओट्याच्या उंचीची. बाबा घरात चालावं तसे आत गेले, मागे तोंड करून ऐटीत बसले आणि बाप्पाला मांडीवर घेतलं. आम्ही टाळ्या पिटल्या. उतरायचं कसं, हा प्रश्न अख्ख्या खानदानात एकालाही पडला नाही.

तो प्रश्न तळ्यावर पोचल्यावर पडला. काका खुर्ची शोधायला पळाले. चौघांनी बाबांना उचलायची तयारी केली आणि शिव्या खाल्ल्या.

"बाबा, घट्ट धरा," भाऊ म्हणाला आणि त्यानं जीप उलटीच पायऱ्यांशेजारच्या उतारावरून तळ्यात घेतली. "अरे मेल्या, थांब!" मी किंचाळले. मागची चाकं बुडाली. सायलेन्सरमधून बुडबुडे आले. पाणी फळीला टेकलं तेव्हा इंजिन आचके देऊन गप्प झालं.

बाबांनी पाय पाण्यात सोडले, पुढे वाकले आणि बाप्पाला तीनदा बुडवून सावकाश सोडून दिलं. स्वतःच्या हातांनी. तळ्यावरचे सगळे ओरडत होते. बाबांना ऐकू आलं की नाही, कोण जाणे.

दोर आले, माणसं जमली. बाबांना आधी खाली घ्या, असं कुणीतरी म्हणालं.

"मी नाय उतरत. ओढा," बाबा म्हणाले. मग मागे न बघताच भावाला, "गाडी बरी हाय रे तुझी."

भावानं स्टिअरिंगवर डोकं टेकलं. मी जवळ गेले, तर म्हणतो कसा, डोळ्यांत धूर गेला. इंजिन केव्हाच बंद पडलं होतं.